आक्काच्या बातम्या

केबलवाल्यानं आमच्या टीव्हीतलं दूरदर्शन काढून नेलं, तेव्हा पूर्णेतल्या आमच्या गल्लीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. ज्यांच्याकडं रिमोटचे नवे टीव्ही होते त्यांना ते दुसऱ्या नंबरावर सापडलं. ज्यांच्याकडं जुने होते त्यांनी आठवडाभर शिव्या दिल्या आणि मग केबलवाल्याकडून वरचे नंबर दाखवणारा डबा आणला. भांडण उभं राहिलं ते फक्त आमच्या घरात, आणि ते उभं केलं टीव्हीतला एक शब्दही ऐकू न येणाऱ्या बाईनं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लहानपणी तापात तिचे कान गेले. इतक्या लहान वयात गेले की पाठोपाठ बोलणंही गेलं. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचं लग्न झालं होतं. सासरच्यांनी वर्षाच्या आत तिला परत आणून सोडलं आणि वर म्हणाले, पोरगी बहिरी आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं होतं. साखरपुड्यात चार लोकांसमोर सांगितलं होतं. तेव्हापासून ती माहेरीच होती आणि वाकळा शिवत होती. रेल्वेतल्या लोकांच्या घरांतून जुनी पातळं, धोतरं गठ्ठ्यानं यायची आणि तिच्या हातून उबदार वाकळ होऊन परत जायची. तिचा टाका बघून लोक थांबायचे. तिच्याशी दोन शब्द बोलायला मात्र कुणी थांबायचं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्याशी बोलायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. तिनंच शिकवलं. मी पाठ करून उभी राहिले की दंडाला चिमटा काढायची, आपल्याकडं वळवायची आणि हातांनी पुन्हा सांगायची. घरातल्या प्रत्येकाला तिनं एक खूण दिलेली. माझे मालक मालगाडीवर गार्ड, म्हणून ते म्हणजे झेंडी हलवणारा हात. माझ्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे, म्हणून मी म्हणजे हनुवटीवर टेकवलेलं बोट. भूक, पाणी, पाहुणे, दळण, राग, सगळ्याला खुणा होत्या. पण त्या आमच्या उंबऱ्याच्या आतल्या. उंबऱ्याबाहेर पडलं की आक्का मुकी.

परभणीला टीव्हीचा टॉवर उभा राहिला त्यानंतर आम्ही ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. त्याला बारा नंबरांचं चाक होतं, खटखट करत फिरणारं. परभणी आमच्यापासून तशी लांब, त्यामुळं चित्रात कायम मुंग्या. त्या मुंग्यांतूनच एका रविवारी दुपारी एक बाई दिसली. बातम्या सांगत होती, आणि तोंडासोबत हातांनीही सांगत होती. मी भाकरीचं पीठ मळत होते. आक्का तूर निवडत होती. तिच्या मांडीवरचं सूप सरकून खाली पडलं आणि तूर घरभर झाली, तरी ती उठली नाही. सरकत सरकत काचेला नाक लागेल इतकी पुढं गेली. बातम्या संपल्यावर माझ्याकडं वळली. स्वतःच्या कानाला हात लावला, मग टीव्हीकडं बोट केलं. ही माझ्यासारखी आहे का?

मी मान डोलावली, तशीच आहे. आणि तशी नसली तरी तुझ्यासारख्या लोकांसाठीच सांगते आहे, पुष्कळ जण आहेत तसे, हेही खुणांनी जमेल तसं सांगितलं. पुष्कळ, हे मी दोन्ही हात पसरून सांगितलं. आक्का बराच वेळ तेच करून बघत होती. हात पसरायची, माझ्याकडं बघायची. इतके?

त्यानंतर आक्काचा रविवार ठरून गेला. सकाळी डोक्यावरून न्हायचं, धुवट पातळ नेसायचं, केस विंचरायचे आणि दुपारी टीव्हीपुढं बसायचं. सुरुवातीला तिला काही कळत नव्हतं. ते हात दिल्लीचे, हिचे हात पूर्णेचे. पण ती त्यातून एखादी खूण उचलून ठेवायची आणि बातम्या संपल्या की मला करून दाखवायची. हे काय? मी कान देऊन ऐकलेलं असायचं, त्यातून ताळा लावायचा. असं करत करत आमच्या घरात पाऊस आला, पूर आला, मतदान आलं, पंतप्रधान आले. भूकंप आला तो तर त्र्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या शेवटी खरोखरचाच आला. जमीन हलली ती आमच्याकडंही जाणवली, घरात सगळ्यांत आधी आक्का उठून बसली होती. त्या रविवारी टीव्हीतल्या बाईनं ती खूण केली तेव्हा आक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला मला काही विचारावं लागलं नाही. तशी ती पहिलीच बातमी.

केबल त्याच्या आधीच आली होती. केबलवाला आमच्या गावचाच, बड्या शेतकऱ्याचा मुलगा, तिशीच्या आतला. स्टेशन रोडला त्याचं आधी व्हिडिओचं दुकान होतं, त्याच्या माथ्यावर त्यानं मोठी तबकडी बसवली आणि घराघरांत वायर ओढली. आमच्याकडं आला तेव्हा फार गोड बोलला. "आता अँटेना कशाला वैनी? मुंग्या गेल्या समजा."

आणि खरंच गेल्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. केबल आली आणि आक्काला पहिल्यांदा त्या बाईची बोटं वेगवेगळी दिसली. आधी हात दिसायचे, आता करंगळी दिसायला लागली. त्या आनंदात आम्ही अँटेना उतरवली आणि न्हाणीवर आडवी टाकली. पुढं तिच्यावर दोडक्याचा वेल चढला.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात केबलवाल्यानं नवं यंत्र आणलं. चॅनेलं वाढली. ती मावायला जागा पाहिजे म्हणून त्यानं दूरदर्शन उचलून वरच्या कुठल्यातरी नंबरावर नेऊन टाकलं. आमच्या चाकाचा हात तिथवर पोचत नव्हता. दूरदर्शनच्या जुन्या जागी त्यानं स्वतःचं चॅनेल घातलं. दिवसभर पिक्चर, आणि खाली साडीच्या दुकानाची जाहिरात पळायची. सांगितलं काही नाही. रविवारी आक्का न्हाऊन, नेसून बसली आणि पडद्यावर मारामारी चालू. तिनं चाक फिरवलं. बाराच्या बारा घरं फिरवली. पुन्हा फिरवली. मग माझ्याकडं बघितलं.

गेलं, मी खुणेनं सांगितलं.

कुणी नेलं?

केबलवाल्याची तिची खूण होती, कोपरावर वायर गुंडाळणारा माणूस. ती मी केली.

दुसऱ्या दिवशी तिनं वाकळ अर्धी टाकली, पायांत चप्पल घातली आणि दारात उभी राहिली. मला बोलवायची तिची पद्धत म्हणजे दारावर थाप. मी हातातलं काम ठेवलं आणि निघाले.

दुकानात केबलवाला आणि त्याचे दोघं-तिघं दोस्त मोठ्या रंगीत टीव्हीवर पिक्चर बघत बसले होते. आम्हाला बघून एकानं टीव्हीवरचं बटण दाबून आवाज थोडा कमी केला. पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या आणि काही कमी झाल्या. मी आमची अडचण सांगितली.

"डबा न्या वैनी," केबलवाला म्हणाला. "डबा जोडला की समदं दिसतंय. न्हाईतर सरळ नवा टीव्ही घ्या. ते खटखट करणारं चाक आता कोन ठेवायलंय घरात?"

"दूरदर्शन फुकट हाय," मी म्हणाले. "हवेतून येतंय. ते तुमच्या डब्यात कसं काय जाऊन बसलं?"

"हवेतून येतंय तर हवेतूनच बघा की." दोस्त हसले. त्यालाही जोर चढला. "अन् बघायलंय कोन आता दूरदर्शन?"

"ह्या बघतात." मी आक्काकडं हात केला. "रविवारच्या खुणांच्या बातम्या."

त्यानं आक्काला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यांना तर ऐकूच येत न्हाई. ह्यांना टीव्ही काय अन् भिंत काय, सारखंच."

सगळे हसले. आक्काला शब्द कळले नाहीत, पण हसणं कळलं. हसणं कळायला कान लागत नाहीत. तिनं माझा दंड धरला. काय म्हणाला?

मला दोन रस्ते होते. काहीतरी गुळमुळीत सांगून तिला घरी नेता आलं असतं. पण तिला खोटं सांगितलं की ती ओळखायची, आणि मग आठवडाभर माझ्याकडं बघायची नाही. मी सांगितलं. कान नाहीत. तुला टीव्ही आणि भिंत एकच.

आक्का शांतपणे त्या रंगीत टीव्हीपाशी गेली. मघाशी त्या पोरानं दाबलेलं बटण तिनं बघून ठेवलं होतं. ते दाबून धरलं. हिरव्या रेघा कमी कमी होत गेल्या आणि शेवटची रेघही गेली. पिक्चर तसाच चालू, हिरो गाडीवरून उडी मारतोय, आणि दुकानात चिडीचूप. गंमत अशी की ते सगळे तरीही पडद्याकडंच बघत होते. आक्कानं खाडकन टाळी वाजवली. ते दचकून वळले. तिनं एकेकाच्या डोळ्यांकडं बोट केलं, मग पडद्याकडं. मग आपल्या कानाला हात लावला आणि तोच हात त्यांच्यापुढं रिकामा हलवला.

"त्या म्हणायल्यात," मी म्हणाले, "तुमाला बी ऐकू येत न्हाई आता. मग बघायलाव कामून?"

एक दोस्त खाली मान घालून हसायला लागला, पण आता ते हसणं आमच्यावर नव्हतं. केबलवाल्याचे कान लाल झाले. "चला, निघा वैनी. डबा पायजे असल तवा या."

मालक ड्यूटीवरून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते थकलेले होते, अकोल्याकडून येताना गाडी मध्येच रखडली होती. "घेऊन टाकू डबा," ते म्हणाले. "कशाला वाद? गावातला माणूस हाय." तेच त्यांनी खुणेनं आक्काला सांगितलं. आक्कानं दोन्ही हातांनी डबा करून दाखवला, मग त्या डब्यातून काहीतरी काढून घेतलं, दुसरंच काहीतरी आत टाकलं, झाकण लावलं आणि हात झटकले. डबा त्याचा. उद्या त्यातनंही काढून नेईल.

मालक माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "बरोबर बोलायल्यात त्या."

सकाळी ती न्हाणीवर चढली आणि दोडक्याचा वाळलेला वेल ओढून काढला. अँटेनाच्या दोन काड्या वाकल्या होत्या, त्या गुडघ्यावर ठेवून सरळ केल्या. मग शिडी लावून स्लॅबवर गेली. तिथं एक गोष्ट होती, जी आम्हाला इतके दिवस समोर असून दिसली नव्हती. आमच्या अँटेनाचा जुना पाइप रिकामा उभा होता आणि केबलवाल्यानं मागच्या सगळ्या घरांना जाणारी आपली वायर त्यालाच बांधलेली होती. आम्हाला विचारून नाही. पाइप मोकळा दिसला, बांधली. आता अँटेना चढवायची तर वायर सोडणं भाग होतं. आक्कानं ती सोडली. सोडली म्हणजे तोडली नाही, गाठ सोडून नीट बाजूला ठेवली. पण ताण गेला तशी वायर लोंबली, कुठंतरी जोड निसटला आणि मागच्या घरांचं केबल बंद पडलं.

दुपारी जीप आली. केबलवाला आमच्या अंगणात उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग मागच्या घरांतल्या बायाही आल्या.

"वायर कुणी सोडली?"

"आमी," मी म्हणाले. "पाइप आमचा हाय."

"आर्धी गल्ली बंद पडली की वैनी!"

"मग आर्धी गल्ली आमच्या पाइपावर चालायली व्हती, हे आज कळलं आमाला. दूरदर्शन जुन्या नंबरावर टाका, वायर खुशाल राहू द्या. आमी खांब देतो, तुमी बातम्या द्या."

तो काही बोलायच्या आत मागच्या घरातली एक म्हातारी बाई पुढं आली. एरवी माझ्याशी फार चांगली. "बाई गं, एका बहिरीपायी समद्या गल्लीला कशाला तरास? तिला काय कळतंय त्यातलं?"

केबलवाल्याचं बोलणं मला लागलं नव्हतं, हे लागलं. ह्या बाईच्या घरात आक्काच्या तीन वाकळा होत्या. मी म्हणाले, "तिला काय कळतंय ते तुमी कवा इचारलंय का तिला?" आक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती.

तेवढ्यात मालक आले. अंगावर पांढरा युनिफॉर्म, हातात गाडीवर न्यायची गार्डची पेटी. सगळे त्यांच्याकडं वळले. पुरुष आला, आता मिटेल. केबलवाला म्हणालाही, "सायेब, तुमीच सांगा ह्यांना. घर तुमचं हाय."

मालकांनी पेटी खाली ठेवली. आक्काला खुणेनं विचारलं, ती बोलली, त्यांनी बघून घेतलं. मग म्हणाले, "घर माझं न्हाई. वडलांनी जाताना घर हिच्या नावावर केलं. आमी हिच्या घरात राहायलाव. हिनं न्हाई म्हटलं, म्हंजे न्हाई."

हे खरं होतं. सासऱ्यांनी लोको शेडमध्ये जन्म घालवून हे घर बांधलं आणि लेकीला पुन्हा कुणी बाहेर काढू नये म्हणून तिच्या नावावर केलं. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण मोठ्यानं कधी कुणी बोललं नव्हतं. चार बायांपुढं त्यांनी ते बोलून दाखवलं. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. आदल्या दिवशी डब्याचं बोलले तेव्हा मला वाटलं होतं की हे माघार घेतील.

आम्ही जिंकलो असं मात्र झालं नाही. केबलवाल्यानं पलीकडच्या घरावर बांबू रोवला आणि संध्याकाळच्या आत मागची वायर तिकडून नेली. आमचं कनेक्शनही कापून नेलं. गल्लीचा टीव्ही सुरू झाला आणि बाया निघून गेल्या.

आम्ही अँटेना चढवली. आक्का वर, टीव्ही आत, आणि आक्काला हाक ऐकू येत नाही. मालकांनी त्यावर आपल्या पेटीतल्या झेंड्या काढल्या. मी टीव्हीपाशी बसून ओरडायचं, त्यांनी अंगणात उभं राहून वर झेंडी दाखवायची. लाल म्हणजे नाही, फिरव. हिरवी म्हणजे थांब. येणारेजाणारे बघायला लागले. एक जण म्हणाला, "गार्डसायेब, घर सुटायलं का?" मालक म्हणाले, "सिग्नल व्हायचाय अजून."

चित्र आलं, मुंग्यांसकट. आणि रविवारी कळलं की बोटं काही दिसत नाहीत. इतके दिवस स्वच्छ बघायची सवय झालेली. आक्का काचेला डोळे लावून बसली, तरी ते हात म्हणजे पिठात बुडवल्यासारखे. बातम्या संपल्या. मला वाटलं, आता ही म्हणेल आणा डबा. ती उठली, अंगणात गेली आणि मान वर करून पाइपाकडं बघत उभी राहिली. मग हात डोक्याच्या वर, आणखी वर नेला. उंच पाहिजे.

उंच पाइप मिळाला ताडकळसला. तिथं मालकांच्या मावसभावाच्या शेतात हातपंपाचा पाइप बदलून पडला होता. बाजारच्या दिवशी मी आणि आक्का जाऊन घेऊन आलो. परत येताना एसटीच्या कंडक्टरनं अडवलं. "हे काय, तोफ हाय का? असं न्हाई नेता येत."

मी त्याला समजावत होते तोवर आक्का मागच्या शिडीवरून टपावर चढलीसुद्धा. खालून दोघा बाजारकऱ्यांनी पाइप वर दिला आणि ती दोरीनं बांधायला लागली. कंडक्टर ओरडला, "ओ बाई! खाली उतरा! बाई!" आक्का निवांत गाठ मारत होती.

"त्यांना ऐकू येत न्हाई," मी म्हणाले. "खुणेनं सांगा."

त्यानं हात वर केला, खाली केला, बोट हलवलं. आक्कानं वरून बघितलं, हसून त्याला नमस्कार केला आणि दुसरी गाठ मारली. गाडीतले लोक खिडक्यांतून डोकी काढून हसत होते. शेवटी त्यानंच घंटी मारली.

त्या पाइपानं काम केलं. चारी बाजूंनी तारेचे ताण देऊन आम्ही तो उभा केला. गल्लीतला सगळ्यांत उंच खांब. केबलइतकं स्वच्छ नाही आलं, ते कधीच आलं नाही. पण बोटं सुटी दिसायला लागली. आक्का रविवारी पहिल्यासारखी बसली. गल्लीत लोक हसायचे, पतंग अडकवायला खांब लावलाय म्हणायचे. आक्काला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी ऐकून घेत नव्हते.

मग संक्रांत आली. त्या दिवसांत सगळ्या मराठवाड्याचं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं, विद्यापीठाच्या नावाकडं. किती वर्षं ते चाललं होतं. त्यापायी घरं जळालेली, माणसं गेलेली आम्ही बघितली, ऐकली होती. आता निर्णय होणार म्हणून गावात कुजबुज होती, दुकानांची दारं अर्धी लागलेली, स्टेशनवर पोलीस. केबलवाल्यानं भीतीनं यंत्र बंद केलं, दुकानाला कुलूप घातलं आणि बायकामुलांना घेऊन शेतावर गेला. सगळ्यांचे डबे एकदम आंधळे झाले.

संध्याकाळी सातच्या बातम्यांना आमच्या दारात माणसं. आधी एक, मग चार, मग घर भरून गेलं. ती म्हातारी बाईही आली. तिनं दारातच थांबून विचारलं, "येऊ का?" मी "या" म्हणाले. सवयीनं चुलीकडं निघाले, इतक्या लोकांना चहा करायला पाहिजे. आक्कानं माझा पदर धरला आणि मान हलवली. नाही. बातम्या बघायला आलेत, बघू दे. मी खाली बसले.

सगळ्यांत पुढं तिची जागा, ती तिनं सोडली नाही. तिच्या शेजारी नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई होती. आक्काकडं वाकळा टाकायची, तेवढीच ओळख. त्या संध्याकाळी ती आमच्या गल्लीत आली हेच धाडस होतं. काही लोकांनी तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

बातम्या सुरू झाल्या तरी लोक बोलायचे थांबेनात. होणार, नाही होणार, असं होईल, तसं होईल. काही म्हणजे काही ऐकू येईना. आक्का मागं वळली. तिला ओठ हलताना दिसत होते. तिनं खाडकन टाळी वाजवली आणि ओठांवर बोट ठेवलं. घर एकदम गप्प झालं. बहिऱ्या बाईनं गप्प केलं म्हणून कुणी हसलंही नाही.

आणि बातमी सांगितली गेली. नाव दिलं होतं.

दोघं जण उठून निघून गेले, चपला घालताना त्यांनी मागं बघितलं नाही. एका तरुणानं मुठी आवळल्या होत्या, आनंदानं की कशानं, मला कळलं नाही. नाल्यापलीकडची बाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. आक्का माझ्याकडं बघत होती. काय झालं? ही का रडते?

मी कसं सांगू? विद्यापीठ. मी शाळा केली, मग हात पसरून मोठी शाळा. नाव, हे कपाळावर बोट ओढून. कुणाचं नाव? मी उभी राहिले. काखेत पुस्तक धरलं, अंगात कोट आहे असं छातीवर हात फिरवला, आणि उजवा हात लांब करून बोट पुढं दाखवलं. गावोगावच्या चौकात जसा पुतळा उभा असतो, तसा.

आक्काला कळलं. ती त्या बाईकडं वळली, तिच्या डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि तसंच पुस्तक काखेत धरून, बोट पुढं करून तिला दाखवलं. मध्ये माझ्या सांगण्याची गरज पडली नाही. ती बाई उठली, तिनंही तसाच हात केला, आणि दोघी समोरासमोर तशा उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी घसा खाकरला. आक्कानं वळूनसुद्धा बघितलं नाही, तिला ऐकूच आलं नव्हतं.

गाव हळूहळू उघडलं. केबलवाला परत आला. पण त्या आठवड्यात गल्लीनं एक गोष्ट बघितली होती. चाकाचे टीव्ही असलेल्या घरांवर एकेक करून अँटेना दिसायला लागल्या, कुणी डबा परतही देऊन आलं. होळीच्या सुमारास त्यानं दूरदर्शन गुपचूप जुन्या नंबरावर आणून ठेवलं. मग एक दिवस स्वतः आमच्या दारी आला. सोबत वायरचा गुंडाळा होता.

"वैनी, झालं गेलं जाऊ द्या. तुमच्या बातम्या जागेवर आणल्यात. जोडून देऊ का? मुंग्या कशाला बघायलाव?"

मी आक्काला सांगितलं. बोटं स्वच्छ दिसतील, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं आणि तिला त्याचं मोल माहीत होतं. तिनं विचार केला. तिला मोह झाला होता, मला दिसत होतं. ती टीव्हीकडं बघत राहिली, मग त्याच्या हातातल्या गुंडाळ्याकडं. मग तिनं हात जोडून त्याला नमस्कार केला आणि मान हलवली.

"न्हाई म्हणायल्यात," मी म्हणाले.

"अवो पन का?"

मी विचारलं. आक्कानं दोन्ही हातांनी पुन्हा तोच डबा करून दाखवला, त्यातून काहीतरी काढून घेतलं आणि हात झटकले. वाकळेचा तुटलेला दोरा तोंडात ओला करून ती सुईत ओवत बसली. तो गुंडाळा खांद्यावर टाकून निघून गेला.